शांत रंगाच्या दोन खुर्च्या

आमची बाल्कनी दोन मीटर चाळीस सेंटिमीटर लांब आणि एक मीटर दहा सेंटिमीटर रुंद आहे. हे आकडे मला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्के पाठ आहेत. २००६ च्या वसंतात मी ते इतक्या लोकांना सांगितले, की शेवटी शेवटी कुणी नुसतं 'गुटेन टाग' म्हटलं तरी माझ्या तोंडून 'दोन चाळीस बाय एक दहा' निघे. आणि हे सगळं दोन खुर्च्या आणि एका टेबलासाठी.

कारण असं, की माझे सासरे येणार होते. अण्णा, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्यातले निवृत्त उपअभियंता. गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन वर्ष झालेलं, खाली बसणं बंद. फोनवर म्हणाले, "तुमच्याकडे बघण्यासारखं काय आहे ते राहू द्या. बाल्कनीत बसून चारचा चहा घेऊ, तेवढं पुरे." आता ऐकणाऱ्याला ही साधी मागणी वाटेल. पण पुण्याच्या घरी मी एकदा भिंतीवर फळी ठोकली होती. ती अण्णांच्या देखत, त्यांच्याच निवृत्तीच्या स्मृतिचिन्हासकट खाली आली. तेव्हा ते एवढंच म्हणाले, "गुरुदत्तराव, तुम्ही कॉम्प्युटरच बघा." त्याला आठ वर्षं झाली होती. आठ वर्षं मी कॉम्प्युटरच बघत होतो. गेर्लिंगेनच्या कंपनीत माझ्या हाताखाली सहा जर्मन इंजिनियर आहेत आणि ते माझं ऐकतात, पण अण्णांच्या तोंडून एकदा 'बरं केलंत' ऐकायचं राहूनच गेलं होतं. ते मी या खुर्च्यांवर ऐकणार होतो.

पहिला सल्ला मल्हारने दिला. मल्हार श्टुटगार्टला पीएचडी करतो. कशावर, ते त्यालाही सांगता येत नाही. तो म्हणाला, "विकत कशाला घेतोस? श्पेरम्युलमधून उचल." श्पेरम्युल म्हणजे मोठा कचरा: सोफे, कपाटं, गाद्या. नगरपालिकेला आधी कळवायचं, ठरल्या दिवशी सामान फुटपाथवर काढायचं, गाडी येऊन नेते. गाडीच्या आधी गरजू लोक येऊन चांगलं ते उचलतात आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. मल्हारचं अख्खं घर असंच उभं राहिलं होतं. मी त्याला ताठ मानेने सांगितलं, की बाबा रे, ते दिवस गेले. माझ्या सासऱ्यांना मी कचऱ्यातल्या खुर्चीत बसवणार नाही. हे वाक्य मी फारच ठासून म्हटलं होतं, ते मला पुढे आठवत राहिलं.

दुसरा सल्ला आमच्या खालच्या मजल्यावरच्या हेर, म्हणजे श्रीयुत, आयझेले यांचा. हे त्सुफेनहाउझेनच्या मोटारींच्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस होते. निवृत्त झाल्यावर तपासायला मोटारी उरल्या नाहीत, म्हणून ते आम्हाला तपासत. बाल्कनीत फर्निचर ठेवायचंय म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "हाउसफेरवाल्टुंगला विचारलंत का?" हाउसफेरवाल्टुंग म्हणजे इमारतीचा कारभार पाहणारी कचेरी. मी विचारलं नव्हतं. कुणीच विचारत नाही. पण परक्या देशात आपण कायद्याने वागावं, या सद्भावनेने मी पत्र लिहिलं, आणि झोपलेल्या माणसाला उठवून 'तुम्ही झोपलात का' विचारण्याची चूक केली.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं. फर्निचरला हरकत नाही, मात्र रस्त्यावरून दिसणाऱ्या वस्तू शांत रंगाच्या असाव्यात. मी पुन्हा लिहिलं, की शांत रंग म्हणजे कोणता. उत्तर आलं, परिसरात रूढ असलेला. मग मी, एक शिकलासवरलेला माणूस, रविवारी सकाळी वही घेऊन परिसरातल्या बाल्कन्यांचे रंग लिहीत फिरलो. तिसऱ्या इमारतीपाशी एका बाईने मला काय हवंय ते विचारलं आणि मी तिला 'दोन चाळीस बाय एक दहा' असं सांगून निघून आलो. शेवटी आयझेलेंनीच निकाल दिला. "हिरवा," ते म्हणाले. "पण गडद."

नंदिनीला, म्हणजे माझ्या बायकोला, वेताचं काहीतरी हवं होतं. आमच्या आठ वर्षांच्या स्पृहाला झोका हवा होता. ती मराठी सगळं समजते, पण उत्तर जर्मनमध्ये देते, त्यामुळे तिचा हट्टसुद्धा सरकारी वाटतो. मी दोघींनाही हाउसफेरवाल्टुंगचं पत्र दाखवलं. या देशात घरातला वाद मिटवायला याहून उत्तम साधन नाही. तीन दुकानं पालथी घातल्यावर गडद हिरव्या लाकडी पट्ट्यांच्या, घडीच्या दोन खुर्च्या आणि एक टेबल मिळालं. त्या मापातला तो शेवटचा संच होता. खुर्चीला हात होते, पाठ नीट उभी होती, गुडघे न वाकवता उठता येत होतं. मी दुकानात अकरा वेळा उठून बसून पाहिलं. बारावी वेळ विक्रेत्याने येऊ दिली नाही.

सामान शुक्रवारी, सव्वीस मेला दुपारी यायचं होतं. अण्णा रविवारी येणार होते. सगळं कसं आखल्यासारखं.

इथे मला पावतीवरच्या एका शब्दाबद्दल सांगितलं पाहिजे. 'फुटपाथच्या कडेपर्यंत मोफत' असं तिथे लिहिलं होतं. मला त्यातलं 'मोफत' तेवढं दिसलं. टेंपोवाल्याने खोकं अक्षरशः फुटपाथच्या कडेला ठेवलं, एक इंचही आत नाही. सही करण्याआधी माल उघडून बघा, हा आयझेलेंचा आणखी एक सल्ला. तेव्हा मी तिथेच खोकं फाडलं, खुर्च्या उघडल्या, मिटल्या, सही केली आणि पुठ्ठा शिस्तीत कागदाच्या पिंपात टाकून आलो. नंदिनी हळदकुंकवाची कुयरी घेऊन खाली आली. एका खुर्चीच्या मागच्या पायाला, बैठकीच्या खालून, तिने एक बोट हळद आणि एक बोट कुंकू लावलं. "दिसणार नाही असं लावलंय," ती म्हणाली. "शांत रंगाचं नाही ना ते."

आणि मग तिने कौतुकाने पुण्याला फोन लावला. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाई वासंतीबाईंनी, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आज आणलंत? अगं, आज अमावस्या ना?"

आता स्पष्ट सांगतो, मी अमावस्या वगैरे मानत नाही. नंदिनीही मानत नाही. आईसुद्धा म्हणाल्या, की मी काही फार मानते असं नाही. पण तिघांचंही पुढचं वाक्य एकच होतं: उगाच कशाला? या दोन शब्दांपुढे आमच्या घरात विज्ञानाचं आजवर काही चाललेलं नाही. नवी वस्तू, त्यात अण्णांच्या बसण्याची, अमावस्येला उंबऱ्याच्या आत कशाला घ्या?

"अमावस्या संपते कधी?" मी विचारलं.

"उद्या दहा छप्पन्नला. सकाळी."

"भारतातल्या दहा छप्पन्नला ना? म्हणजे इथे सात सव्वीस."

"ते तुमचं तुम्ही बघा. पण सूर्योदयाला जी तिथी तीच दिवसभर धरतात."

"आई, इथे सूर्य साडेपाचला उगवतो. तसं धरलं तर उद्याही दिवसभर अमावस्याच."

"मग धरू नका," आई म्हणाल्या. "सात सव्वीसला घ्या आत."

तळघराची खोली आहे, तिथे ठेवू का, असं मी विचारलं. तळघर घरात धरायचं की बाहेर, यावर दहा मिनिटं चर्चा होऊन ते घरातच धरायचं ठरलं, कारण आमची लोणची तिथे असतात. जिन्याखाली काही ठेवायला नियमाने बंदी. उरला फुटपाथ.

फुटपाथवर आमच्या दाराच्या डावीकडे एक ढीग होता. आयझेलेंचा जुना सोफा, दोन गाद्या, एक मोडका दिवा. त्यांनी श्पेरम्युलची गाडी बोलावली होती आणि तशी नोटीस जिन्यात लावली होती. गाडी शुक्रवारी येणार, हे मी तिच्यात वाचलं होतं. शुक्रवारची संध्याकाळ झाली तरी ढीग जागच्या जागी होता. म्हणजे गाडी आलीच नाही. काय सांगू, मला आतून फार बरं वाटलं. मी मल्हारला मुद्दाम फोन करून सांगितलं, की बघ, इथली नगरपालिकासुद्धा. आपण उगाच आपल्या लोकांना नावं ठेवतो. त्या आनंदात मी खुर्च्या आणि टेबल मिटून ढिगाच्या शेजारी, पण ढिगाला न लागता, भिंतीशी टेकवून ठेवलं आणि दव पडू नये म्हणून वरून एक जुनी चादर टाकली. चादरीला मध्ये भोक होतं.

नोटिशीत आणखी एक ओळ होती. गुरुवारी सणाची सुट्टी असल्यामुळे त्या आठवड्यातल्या सगळ्या गाड्या एकेक दिवस पुढे गेल्या होत्या. ती ओळ मी शनिवारी वाचली.

शनिवारी सात वीसला मी घड्याळ घेऊन खाली उतरलो. मागे नंदिनी, तिच्यामागे झोपेतली स्पृहा. फुटपाथ स्वच्छ होता. सोफा नव्हता, गाद्या नव्हत्या, चादर नव्हती, खुर्च्या नव्हत्या. आयझेले तिथे झाडू मारत होते. सात सव्वीस झाले, अमावस्या संपली आणि आत घ्यायला माझ्या हातात काही नव्हतं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आयझेलेच बोलायला लागले. "हेर गुरुदत्त, असली माणसं मी पाहिली नाहीत. माझ्या नोंदवलेल्या ढिगाशेजारी कुणीतरी नवंकोरं फर्निचर फेकून गेलं. लेबल लावलेलं. माझ्या यादीत सोफा एक, गाद्या दोन, दिवा एक. खुर्च्या नाहीत. हा गुन्हा आहे, दंड होतो. आणि चांगली वस्तू फेकायची? कसली माणसं असतील ही?" गाडी यायच्या आधी त्यांनी ते सामान उचलून आपल्या बाल्कनीत नेलं होतं. मला ते दिसत होतं. माझ्या खुर्च्या, माझं टेबल, माझ्या बाल्कनीच्या बरोबर खाली.

त्या क्षणी 'त्या माझ्या' असं म्हणायला हवं होतं. पण मग पुढचा प्रश्न 'बाहेर का ठेवल्या' हा आला असता. सहा जर्मन इंजिनियरांचा साहेब असलेल्या मी, चौतीस वर्षं मोटारी तपासलेल्या माणसाला, चंद्र दिसत नव्हता म्हणून, असं सांगायचं? मी म्हणालो, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. "कसली माणसं असतील."

नंदिनीने माझ्याकडे जे पाहिलं, ते इथे लिहीत नाही.

त्या दिवशी दुकानात दुसरं काही उरलेलं नव्हतं. पंधरा दिवसांवर फुटबॉलचा विश्वचषक आलेला, सगळं शहर बाल्कनीत बसायच्या तयारीत. एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची मिळाली. रविवारी अण्णा आले. चार वाजता बाल्कनीत त्या खुर्चीत बसले. खुर्चीचे मागचे पाय हळूहळू फाकायला लागले. अण्णा सावकाश उठले, खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "गुरुदत्तराव, तुम्ही कॉम्प्युटरच बघा."

सोमवारी आयझेलेंनी त्यांना खालून हात केला. अण्णा थर्मासमध्ये चहा भरून काठी टेकत खाली गेले आणि दोन तासांनी परत आले. "माणूस चोख आहे हो," ते मला म्हणाले. "खुर्च्या बघा कशा निवडल्यात. पाठ सरळ, हात योग्य उंचीवर, सांधे पक्के. मी उलटी करून पाहिली. आणि रंगसुद्धा किती शांत." नंदिनी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. तिने पंजाबी ड्रेस घातला होता, तेव्हा तो ओढणीचा पदर होता, पण हसू आवरलं नाही ते नाहीच.

पुढचे तीन महिने रोज चार वाजता अण्णा माझ्या खुर्चीत बसायला आयझेलेंकडे जात. अण्णा मराठीत पुलांबद्दल बोलत, आयझेले जर्मनमध्ये गिअरबॉक्सबद्दल बोलत, आणि दोघांचं कधी दुमत झालेलं मी ऐकलं नाही. मी वर कठड्याशी उभा राहून माझी निवड किती उत्तम आहे ते ऐकत असे. ती आयझेलेंची म्हणून नावाजली जात होती, एवढंच.

आयझेले मात्र गुन्हेगार विसरले नव्हते. वहीत तारीख, वेळ, वर्णन लिहून ठेवलं होतं. जूनमध्ये त्यांनी हाउसफेरवाल्टुंगला अज्ञात इसमाविरुद्ध तक्रार लिहिली आणि साक्षीदार म्हणून माझी सही मागितली. मी केली. जुलैत इमारतीतल्या सगळ्यांना ताकीद आली, की असा प्रकार पुन्हा घडल्यास कारवाई होईल. ती मी आमच्या फ्रिजवर लावली. निदान आपल्याविरुद्ध आलेला कागद आपल्या घरात असावा.

अण्णांचं परतीचं तिकीट बुधवारचं, तेवीस ऑगस्टचं होतं. सोमवारी आईंचा फोन आला. बुधवारी अमावस्या.

"मी मानत नाही हो," अण्णा म्हणाले. "खात्यात असताना मी अमावस्येला पुलांची कामं सुरू केलीत. पण वासंती म्हणतेय तर उगाच कशाला? प्रस्थान ठेवू." प्रस्थान म्हणजे, वाईट दिवशी निघणं भाग असेल, तर चांगल्या दिवशी आपली बॅग शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायची. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. आणि शेजारी म्हणजे कोण, हे विचारायची गरजच नव्हती.

मंगळवारी संध्याकाळी मी बॅग घेतली, अण्णांनी काठी घेतली आणि दुभाषी म्हणून स्पृहाला बरोबर घेतलं. अमावस्या सात वीसला लागणार होती. त्याआधी बॅग आयझेलेंकडे, थेट त्यांच्या बाल्कनीत पोचली. ती एक रात्र तिथे का ठेवायची, ते अण्णांनी नीट समजावून सांगितलं, स्पृहाने जर्मनमध्ये त्याहून नीट सांगितलं, आणि शेवटी आपल्या पदरचं एक वाक्य जोडलं. "पप्पांच्या खुर्च्यांसारखंच," ती म्हणाली. "त्यापण नॉयमोंडला घरात आणायच्या नव्हत्या, म्हणून बाहेर राहिल्या."

नॉयमोंड म्हणजे अमावस्या. तो शब्द आयझेलेंच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये काळ्या गोळ्याने छापलेला होता. ते उठले, वही काढली, कॅलेंडरची पानं मागे उलटत मेपर्यंत गेले. मग त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत तपासून पाहिलं. मला पहिल्यांदाच एखाद्या मोटारीची दया आली.

अण्णांनी रिकामी खुर्ची उलटी केली आणि मागच्या पायावर बोट ठेवलं. हळदीचा आणि कुंकवाचा ठिपका, जरा पुसट, पण होता.

"हा कारखान्याच्या तपासणीचा शिक्का आहे," आयझेले म्हणाले. "लाल आणि पिवळा, दोन तपासनिसांनी पास केलेला."

"नाही," स्पृहा म्हणाली. "तो माझ्या आईचा आहे."

आयझेले खाली बसले. "आल्झो," ते म्हणाले, म्हणजे असं तर. "म्हणजे नियम होता."

"या," मी म्हणालो, म्हणजे हो.

"मग नोटीस का नाही लावलीत?"

त्यांनी वहीचं पान उलटलं.

"तक्रारीवर तुमची सही आहे."

"या."

मी अण्णांकडे वळलो. "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी उलटी केली ना मी," अण्णा म्हणाले. "हा माणूस काही खुर्चीला हळदकुंकू लावणाऱ्यातला वाटला नाही. घरी फोन केला, वासंतीनं सगळं सांगितलं. म्हटलं, तुम्ही आपणहून बोलाल. तीन महिने वाट पाहिली." मग खुर्चीच्या हातावर हात फिरवत ते म्हणाले, "रोज मी इथे कशाला येत होतो, असं वाटतं तुम्हाला? मला जर्मन कुठे कळतंय. जावयानं माझ्यासाठी घेतलेली खुर्ची इथे होती. बरं केलंत, गुरुदत्तराव. गुडघ्यांना फार आराम पडला."

आठ वर्षांनी ते शब्द मिळाले, तेही दुसऱ्याच्या बाल्कनीत. मी बॅगेचं हँडल वरखाली करत राहिलो. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते स्पृहाला दिसलं आणि तिने लगेच आयझेलेंना जर्मनमध्ये सांगितलं.

आयझेलेंनी फडकं आणून टेबल पुसायला घेतलं, खुर्च्या मिटल्या. आत्ता वर नेऊ, अण्णा एक चहा तरी वर घेतील, असा त्यांचा बेत होता. मी टेबल उचललं. तेवढ्यात अण्णांनी घड्याळ पाहिलं. सात बावीस.

"राहू द्या," ते म्हणाले. "लागली."

स्पृहाने भाषांतर केलं. आयझेलेंनी कॅलेंडरवरच्या बुधवारच्या काळ्या गोळ्याकडे पाहिलं आणि माझ्या हातातलं टेबल शांतपणे काढून घेतलं. "तुट मीर लाइड," ते म्हणाले, म्हणजे माफ करा. "आता परवा."

अण्णा बुधवारी गेले. आमच्या बाल्कनीत, त्या खुर्चीत, ते एकदाही बसले नाहीत.

गुरुवारी सकाळी सात वाजता बेल वाजली. दारात आयझेले होते. एका खांद्यावर दोन खुर्च्या, काखेत टेबल आणि हातात एक कागद. खुर्च्या दोन, टेबल एक, स्थिती उत्तम, शिक्का मागच्या पायावर. मी तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोन वेळा वाचला आणि मग सही केली. त्यांनी फर्निचर बाल्कनीत नेलं, टेबल मधोमध मांडलं, दोन्ही खुर्च्या उघडल्या. बरोबर मावल्या.

मग हळदकुंकवाची खुर्ची त्यांनी माझ्याकडे सरकवली, दुसरीत स्वतः बसले, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि स्वयंपाकघराकडे मान वळवून, तीन महिन्यांत शिकलेला एकुलता एक मराठी शब्द उच्चारला.

"चहा?"